चित्रसंकलन, बदलत्या संगणकप्रणाली आणि व्यावृत्तीचे कलम

कोणत्याही मोठ्या कायद्याच्या अखेरीस ‘निरसन व व्यावृत्ती’ या मथळ्याचे एक कलम बहुधा असतेच. सामान्य वाचक ते वाचत नाही. पण महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याचे मोल ठाऊक असते. १९५९ साली मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता अमलात आली, तेव्हा राज्याच्या निरनिराळ्या घटकांत चालत आलेले जुने कायदे मोडीत निघाले. मात्र त्या कायद्यांखाली झालेल्या नोंदी आणि मिळालेले हक्क मोडीत निघाले नाहीत. जुना कायदा गेला तरी त्याच्या आधाराने झालेले काम वैध राहील, अशी हमी कायद्यानेच दिली होती. जुन्या बंदोबस्ताची मिसल आजही दाखल करता येते, ती यामुळेच.

प्रस्तुत लेखाचा विषय कायदा नसून चित्रसंकलन आहे. गेल्या तीसएक वर्षांत चलच्चित्रांच्या संकलनाचे काम कात्री आणि फितीकडून संगणकाकडे आले. संगणकाची मूळ कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, दर काही वर्षांनी बदलते आणि तिच्यावर चालणारी संकलनाची सॉफ्टवेअर कधी अडखळतात, तर कधी कायमची बंद पडतात. या बदलांना व्यावृत्तीचे कलम कोठे होते आणि कोठे नव्हते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. विषय वरवर तांत्रिक असला तरी आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. तो पुढे स्पष्ट होईलच.

आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून करणे उचित होईल. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. सुमारे ३७०० फूट लांबीच्या त्या चित्रपटाची कच्ची फिल्म छिद्रांवाचून येत असे आणि तिच्या कडेची छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके घरी करीत. ही छिद्रे फार महत्त्वाची. ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी आणि प्रत्येक चौकटीला चार छिद्रे, हे माप १९०९ च्या सुमारास जगभर मान्य झाले होते. नंतर ध्वनी आला, रंग आला, यंत्रे बदलली, पण हे माप बदलले नाही. मूकपटाच्या काळातली फीत शंभर वर्षांनंतरच्या यंत्रावरही चढू शकते. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि सेकंदाला २४ चौकटींच्या हिशेबाने ९० फुटांत एक मिनिट होते. संकलकाच्या हाताला हे गणित पाठ असे. १९२४ साली संकलनासाठी मूव्हिओला हे यंत्र आले आणि पुढे जर्मनीचे स्टीनबेक मेज आले. पुण्यात प्रभातच्या जागेत १९६० साली स्थापन झालेल्या फिल्म संस्थेत विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अशा यंत्रांवर घडल्या. यंत्र कोणतेही असो, फीत तीच होती.

याचा अर्थ फीत अमर होती असा नव्हे. पूर्वीची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या चित्रपटांचा फार मोठा ठेवा भस्मसात झाला. पण जे उरले ते कोणालाही पाहता येते. फीत दिव्यासमोर धरली की चित्र दिसते, मध्ये कोणाची परवानगी लागत नाही.

चुंबकीय फितीने हा सरळपणा संपवला. १९५६ साली अँपेक्स कंपनीने व्यवहारात वापरता येईल असे चित्रमुद्रण यंत्र आणले आणि १९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट आली. या फितीवर डोळ्यांना काही दिसत नाही. योग्य यंत्र असेल तरच चित्र उमटते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लहानसहान गावांतही लग्नाचे शूटिंग करणारे व्हिडिओवाले दिसू लागले. संकलनाला या व्यवसायात ‘मिक्सिंग’ म्हणत आणि आजही म्हणतात. दोन व्हीसीआर जोडायचे आणि एकावरचा हवा तो भाग दुसऱ्यावर उतरवायचा, अशी ती रीत होती. प्रत्येक नकलेत चित्र थोडे फिके होई. मधला एखादा प्रसंग बदलायचा तर पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे.

या जाचातून संगणकाने सुटका केली. १९८९ मध्ये अ‍ॅव्हिड कंपनीची संकलनप्रणाली मॅकिंटॉश संगणकावर अवतरली. १९९१ मध्ये अ‍ॅडोबीचे प्रीमिअर आणि १९९९ मध्ये अ‍ॅपलचे फायनल कट प्रो आले. आता मूळ चित्रण जसेच्या तसे राहते आणि कोणता तुकडा कोठून कोठपर्यंत, कोणत्या क्रमाने, कोणत्या ध्वनीसह दाखवायचा, एवढीच नोंद संगणक ठेवतो. या नोंदवहीला ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. दहा वेळा मत बदलले तरी चित्र फिके होत नाही. वॉल्टर मर्च यांच्यासारख्या ज्येष्ठ संकलकाने ‘कोल्ड माउंटन’ हा २००३ चा मोठा चित्रपट फायनल कटवर संकलित केला, तेव्हा मेजावरच्या संगणकाची योग्यता सर्वांना पटली.

परंतु याच सोयीत एक गोम होती. पूर्वी संकलकाचे काम फितीतच साठत असे. कापलेले आणि जोडलेले समोर दिसे. आता ते अशा नोंदवहीत साठू लागले, जी एकाच सॉफ्टवेअरला वाचता येते. ते सॉफ्टवेअर एका विशिष्ट कार्यप्रणालीवरच चालते आणि ती प्रणाली विशिष्ट यंत्रावरच चालते. या साखळीतली एक कडी बदलली की सारेच लटकते.

आपल्या भागातल्या वाचकांना हे समजावून सांगणे अवघड नाही. बालाघाट-कटंगी मार्गावर वारासिवनीहून धावणारी जुनी छोटी गाडी ज्येष्ठांना आठवत असेल. तिच्या रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर, तर ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर. गोंदियाला मुख्य मार्गावर माल चढवायचा तर तो एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत गेज बदलले, प्रवास सुखाचा झाला. पण जुने डबे कितीही धडधाकट असले तरी नव्या रुळांवर चालणे शक्य नव्हते. संगणकाची कार्यप्रणाली म्हणजे हे रूळ आणि संकलनाचे सॉफ्टवेअर म्हणजे डबा. सॉफ्टवेअर स्वतः पडद्यावर चित्र काढत नाही किंवा डिस्कवरून फाइल वाचत नाही. ते कार्यप्रणालीला ठरावीक शब्दांत तशी विनंती करते. नव्या प्रणालीने ते शब्द ओळखणे सोडले की सॉफ्टवेअर निर्दोष असूनही निरुपयोगी होते. लेखाचे वा हिशेबाचे सॉफ्टवेअर बहुधा कसेबसे निभावून जाते, संकलनाचे निभत नाही. कारण त्याला स्मृती, डिस्क, चित्रपटल, ध्वनी आणि बाहेरचे कॅमेरे या सर्वांशी एकाच वेळी आणि सेकंदाच्या अंशात व्यवहार करावा लागतो.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण फायनल कटचे आहे. त्याची सातवी आवृत्ती २००९ मध्ये आली. जगभरचे व्यावसायिक संकलक तिच्यावर विसंबून होते. २१ जून २०११ रोजी अ‍ॅपलने ‘फायनल कट प्रो टेन’ हे संपूर्ण नव्याने लिहिलेले सॉफ्टवेअर विक्रीस आणले आणि जुन्याची विक्री थांबवली. नव्या सॉफ्टवेअरला जुन्या आवृत्तीची प्रोजेक्ट उघडता येत नव्हती. हौशी लोकांसाठी असलेल्या आयमूव्हीची प्रोजेक्ट मात्र उघडत होती. दशकभराचे काम हाताशी असलेल्या संकलकांना हा अपमानच वाटला आणि निषेधाच्या सह्या गोळा झाल्या. टीकेनंतर कंपनीने जुन्या आवृत्तीची विक्री काही काळ पुन्हा सुरू केली. जुने प्रोजेक्ट नव्यात आणणारे भाषांतरकार साधन २०१२ मध्ये आले, तेही अ‍ॅपलचे नव्हे, बाहेरच्या एका छोट्या संस्थेचे. अनेकांनी जुनीच आवृत्ती वापरत राहणे पसंत केले. पण २०१७ च्या मॅक प्रणालीवर ती चालणे बंद झाले आणि ऑक्टोबर २०१९ च्या ‘कॅटालिना’ प्रणालीने ३२ बिटांची सर्वच सॉफ्टवेअर नाकारली. त्याच प्रणालीत चित्रमुद्रणाच्या काही जुन्या सांकेतिक पद्धतींचा आधारही गेला. म्हणजे नुसती नोंदवहीच नव्हे, तर काही मूळ चित्रणेही रूपांतर केल्याविना दिसेनाशी झाली.

येथे निर्मात्यांची बाजूही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरला सुमारे ४ जीबी स्मृतीच्या पलीकडे पाहता येत नाही. पूर्ण एचडी चित्राच्या एका चौकटीत २० लाखांहून अधिक बिंदू असतात आणि अशा २५ चौकटी दर सेकंदाला लागतात. वाढत्या चित्रणाला जुने घर अपुरे पडणारच होते. फायनल कट ज्या जुन्या पायावर उभे होते, त्याचे ६४ बिटांत रूपांतर करणार नाही, असे अ‍ॅपलने २००७ मध्येच ठरवले होते. तेव्हा पुनर्लेखन ही नुसती लहर नव्हती. सुरक्षिततेचा प्रश्नही खराच आहे. दुरुस्त्या येणे थांबलेली प्रणाली जाळ्याला जोडून ठेवणे म्हणजे दार उघडे टाकून गावाला जाणे होय. म्हणून निरसनाला आक्षेप घेता येत नाही. आक्षेप आहे तो व्यावृत्ती न ठेवल्याचा.

आपल्याकडच्या मिक्सिंगवाल्यांचा इतिहास मात्र अ‍ॅपलच्या नव्हे, विंडोजच्या वाटेने गेला. महाग मॅक घेणे छोट्या गावातल्या व्यावसायिकाला परवडणारे नव्हते. २००१ मध्ये विंडोज एक्स्पी आली आणि तिच्यावर प्रीमिअर किंवा कॅनोपस कंपनीचे एडियस, सोबत संगणकाच्या पोटात बसवलेले चित्रग्रहणाचे कार्ड, अशी जोडी ठिकठिकाणी रूढ झाली. त्या कार्डाला चालवणारे ‘ड्रायव्हर’ नावाचे छोटे सॉफ्टवेअर एक्स्पीसाठी लिहिलेले असे. २००९ च्या विंडोज सेव्हनची ६४ बिटांची आवृत्ती ३२ बिटांचे ड्रायव्हर स्वीकारीत नसे. निर्मात्याने नवा ड्रायव्हर लिहिला नाही तर हजारो रुपयांचे कार्ड एका दिवसात धातूचा तुकडा ठरे. पुढे तर अशी कार्डे बसवायची खाचच संगणकांतून नाहीशी झाली. म्हणून अनेक व्यावसायिकांनी एक जुना एक्स्पी संगणक जाळ्याला न जोडता कोपऱ्यात राखून ठेवला. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की या संग्रहालयात रोज काम चाले.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भाषेची आहे. लग्नाच्या चित्रफितीच्या आरंभी वधूवरांची नावे, कुलदेवतेचे स्मरण आणि निमंत्रकांची यादी मराठीत देण्याची प्रथा होती. त्या काळी युनिकोड प्रचारात नव्हते. देवनागरी फाँट रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांच्या आकृत्या बसवून काम भागवीत. नव्या संगणकावर तो फाँट नसला की ‘चि. सौ. कां.’ च्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता उमटतो. तयार चित्रफितीत नाव शाबूत असते, कारण तेथे ते चित्र बनलेले असते. प्रोजेक्टमध्ये मात्र ते नाहीसे होते. अंतिम चित्र टिकते आणि त्यामागचे काम टिकत नाही, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

मग या सर्व उलथापालथीत टिकले काय? उत्तर गमतीदार आहे. १९७० च्या दशकात सीएमएक्स नावाच्या कंपनीच्या संकलनयंत्रांबरोबर एक साधी यादी तयार करण्याची पद्धत रूढ झाली. अनुक्रमांक, फितीचे नाव, तुकडा कोठे सुरू होतो व कोठे संपतो त्याची तास, मिनिट, सेकंद व चौकट यांतील नोंद, आणि तो तयार चित्रफितीत कोठे बसतो त्याची तशीच नोंद. एका ओळीत एक तुकडा. साधा मजकूर, माणसालाही वाचता येईल असा. तिला ‘एडिट डिसिजन लिस्ट’ किंवा ईडीएल म्हणतात. सीएमएक्सची यंत्रे इतिहासजमा झाली. पण अ‍ॅव्हिड, प्रीमिअर आणि डाविंची रिझॉल्व्ह आजही ती यादी वाचतात. तिच्यात रंगसंस्कार किंवा झगमगीत परिणाम उतरत नाहीत, पण संकलनाचा सांगाडा उतरतो. ३५ मिलिमीटरच्या छिद्रांसारखेच हे आहे. जे साधे, उघड आणि सर्वांच्या समजुतीचे, ते टिकले. जे एका घराण्याचे गुपित, ते त्या घराण्याबरोबर गेले.

आता आपल्या घरांकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्यप्रदेशातील नागपूर-विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहिला. भोसल्यांच्या काळापासून वा त्यानंतर नोकरी-व्यापाराच्या निमित्ताने येथे स्थिरावलेल्या घराण्यांची मराठी तेव्हापासून शाळा-कचेरीच्या आधाराविना, घरातल्या बोलण्यावर जगत आली आहे. या मराठीला हिंदीचा आणि पोवारी बोलीचा शेजार आहे. तिचे हेल, तिच्या म्हणी आणि लग्नातली घाण्याची व विहिणीची गाणी पुण्या-मुंबईच्या ग्रंथांत सापडणार नाहीत. ती जर कोठे नोंदली गेली असतील, तर १९८५ ते २०१० च्या दरम्यानच्या लग्नामुंजीच्या चित्रफितींत. एका ई-१८० कॅसेटवर तीन तास मावत. त्या तीन तासांत पंगतीत वाढता वाढता बोलणाऱ्या, आज हयात नसलेल्या आजीचा आवाज असू शकतो.

या ठेव्याची मुदत संपत आली आहे. व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या अखेरच्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. १९९५ नंतर आलेल्या मिनी डीव्ही फितींतले चित्रण संगणकात उतरवण्यासाठी फायरवायर नावाची जोडणी लागते. अ‍ॅपलच्या २०२५ च्या प्रणालीतून तिचाही आधार गेला. डीव्हीचे एक तासाचे चित्रण सुमारे १३ जीबी जागा घेई, तर त्या काळच्या डिस्का ४० जीबीच्या. म्हणून काम पुरे होताच मिक्सिंगवाले मूळ चित्रण पुसून टाकीत. ज्यांनी फिती परत मागून घेतल्या, त्यांच्याच घरी ते उरले आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मोडी लिपीतली दप्तरे अशीच बांधून ठेवलेली आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा नाही. ती लिपी शाळांतून गेली तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांनी बालबोधीत नकला करून ठेवल्या असत्या तर? त्यांना दोष देता येत नाही. लिपी इतक्या लवकर जाईल असे त्यांना वाटले नसेल. आपल्याला मात्र ही सबब उरलेली नाही.

तेव्हा निर्मात्याने कलम लिहिले नाही, तर ते आपणच लिहून घेतले पाहिजे. त्याची पोटकलमे सोपी आहेत. व्यावसायिकाने चालू काम अर्धवट असताना कार्यप्रणाली बदलू नये. बदलण्यापूर्वी आपले सॉफ्टवेअर, ड्रायव्हर आणि कार्ड यांना नवी प्रणाली चालते की नाही, हे निर्मात्याच्या लेखी निवेदनात पाहावे. संपूर्ण डिस्कची प्रत आधी काढावी, म्हणजे परतीची वाट राहते. नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेले प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत बहुधा परत उघडत नाही, म्हणून नेहमी प्रतीवरच प्रयोग करावा. पूर्ण झालेल्या कामाची चांगल्या प्रतीची चित्रफीत सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात काढावी, एक नावांसह आणि एक नावांविना, आणि सोबत ईडीएलची साधी यादी जोडावी. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेले आणि २००१ पासून सर्वांना खुले असलेले व्हीएलसी कित्येक जुनी स्वरूपे वाचते. जुनी फाइल टाकून देण्यापूर्वी ती त्यात उघडून पाहावी.

कुटुंबांसाठी कलम याहून लहान आहे. कॅसेटी व फिती चालू यंत्र मिळते आहे तोवर संगणकात उतरवून घ्याव्यात, दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात आणि मूळ फीत फेकू नये. सर्वांत मुख्य म्हणजे चित्रात कोण आहे, नाते काय, गाव कोणते, कोणते गाणे कोण म्हणते आहे, याची यादी एका वहीत शाईने लिहून ठेवावी. चित्र उद्या उघडेल न उघडेल. ती वही वाचायला कोणतीही कार्यप्रणाली लागत नाही. ज्यांना त्या चेहऱ्यांची नावे सांगता येतात, अशी माणसे आज आपल्या प्रत्येक घरात एखाददुसरीच उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून हे काम उरकून घ्यावे, एवढीच वाचकांना विनंती.